पहिली हाफ मॅरेथॉन, तीही साताऱ्याच्या घाटात

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं की नवखा माणूस एकच प्रश्न विचारत फिरतो: "घाट चढायला जमेल ना?" जमतो. चढावर दम लागला की पाय आपोआप मंदावतात, माणूस चालायला लागतो आणि धावत-चालत का होईना, वर पोचतो. खरी गंमत परतीला होते. वळसा घालून घाट उतरताना सगळं सोपं वाटतं, पावलं सुटतात, घड्याळातला वेग बघून मन हरखतं. मग घाट संपतो, शहर लागतं, आणि मांड्या ऐकेनाशा होतात. शेवटचे तीन-चार किलोमीटर लंगडत काढणारे बहुतेक जण उताराने मोडलेले असतात. म्हणून या लेखात उतरण्याच्या सरावाला जरा जास्तच जागा दिली आहे.

तुम्हाला आज सलग पाच किलोमीटर रमतगमत धावता येत असेल, तर इथून पुढचं तुमच्यासाठी आहे. येत नसेल तर आधी दोन-तीन महिने त्यात घाला आणि मग या. घाई करून काही हाती लागत नाही.

१. आधी रस्ता समजून घ्या

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. साताऱ्याची शर्यत २०१२ पासून होते. ती पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास एखाद्या रविवारी सकाळी असते. २०१५ साली एकाच डोंगरी शर्यतीत सर्वाधिक धावपटू उतरल्याबद्दल तिची गिनेस बुकात नोंद झाली. धावणं या जिल्ह्याला तसं नवीन नाही. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली होती.

मार्गाची ढोबळ रचना अशी: सुरुवात शहरात, मग यवतेश्वरचा घाट, वर पठारावर कासच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन वळसा, आणि आल्या वाटेने परत. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर आहे आणि यवतेश्वरचं पठार हजाराच्या वर. म्हणजे अर्धी शर्यत चढाची, अर्धी उताराची. मधे कुठेकुठे सपाटी आणि शहरातली लहानमोठी चढउतारं.

याचा व्यवहारात अर्थ काय? सपाटीवरची तुमची वेळ इथे लावू नका. मरीन ड्राइव्हला अडीच तासांत हाफ संपवणाऱ्याने इथे पंधरा-वीस मिनिटं जास्त धरून चालावं. पहिल्यांदाच धावणाऱ्याने वेळेचं लक्ष्यच ठेवू नये. फक्त कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, किती आहे ते त्या वर्षीच्या नियमांत बघावं आणि त्याच्या बऱ्याच आत राहील असा अंदाज बांधावा. हिशेबाला सोपं जावं म्हणून: तीन तासांत संपवायची तर सरासरी ८ मिनिटं ३२ सेकंदांना एक किलोमीटर पडतो. साडेतीन तासांत संपवायची तर जवळपास दहा मिनिटांना एक. दहा मिनिटांना किलोमीटर म्हणजे भरभर चालणं आणि हलकं धावणं यांची मिसळ. इतकं निवांत धरलं तरी अंतर संपतं, हे एकदा कागदावर मांडून बघा, निम्मी भीती जाते.

२. नोंदणी आणि त्याआधीची तपासणी

या शर्यतीची नोंदणी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उघडते आणि जागा फार लवकर भरतात. "पगार झाला की भरू" म्हणणारे दरवर्षी बाहेर राहतात. तारखेवर नजर ठेवा आणि फॉर्म उघडण्याआधी एवढं हाताशी ठेवा:

– आधार, पासपोर्ट किंवा वाहन परवाना (फॉर्मवरचं नाव ओळखपत्राशी जुळलंच पाहिजे)
– रक्तगट आणि तातडीच्या वेळी फोन करायच्या माणसाचा नंबर
– टी-शर्टचं माप
– आधीच्या एखाद्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट असेल तर ते
– पैसे भरण्यासाठी चालू असलेलं यूपीआय किंवा कार्ड

जागा संपल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर "बिब देणे आहे" असे मेसेज फिरू लागतात. बिब म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा नंबर. दुसऱ्याच्या बिबवर धावू नका. नियमात बसत नाही ही एक गोष्ट झाली. दुसरी जास्त महत्त्वाची: तुम्ही रस्त्यात कोसळलात तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना भलत्याच माणसाचं नाव आणि भलताच रक्तगट मिळेल, आणि फोन भलत्याच घरी जाईल.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा चालता-धावताना छातीत दडपण, चक्कर असं कधी जाणवलं असेल, तर हे टाळण्यासारखं नाहीच. डॉक्टर ईसीजी, रक्ततपासणी आणि गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट सांगतील. "मी रोज टेकडी चढतो, मला काय होतंय" हे उत्तर त्यांना देऊन बघा, ते काय म्हणतात ते ऐका.

३. सोळा आठवड्यांचा आराखडा

शर्यतीच्या तारखेपासून मागे सोळा आठवडे मोजा. साधारण मे महिना येतो, म्हणजे भर उन्हाळा. सुरुवातीचे आठवडे पहाटे साडेपाचला बाहेर पडावं लागेल, त्याला इलाज नाही.

आठवड्यातून चार दिवस धावणं पुरे. मंगळवारी चार-पाच किलोमीटर हलकं, बुधवारी आणि शुक्रवारी ताकदीचा व्यायाम, गुरुवारी चढउतार, शनिवारी तीन किलोमीटर पाय मोकळे करायला आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यांत लांब धाव. सोमवारी पूर्ण सुट्टी. दिवस तुमच्या ड्यूटीप्रमाणे फिरवा, फक्त चढउतार आणि लाँग रन लागोपाठच्या दिवशी नकोत.

रविवारची अंतरं आठवड्यागणिक किलोमीटरमध्ये अशी: ६, ७, ८, ६, ९, १०, ११, ८, १२, १३, १४, १०, १६, १८, १२ आणि मग शर्यत. दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम खाली आणलं आहे. तो आठवडा आळसाचा वाटतो, पण शरीर डागडुजी करतं ते त्यातच. सरावात २१ गाठायची गरज नाही. १८ झाले की उरलेले तीन शर्यतीच्या दिवशी गर्दी आणि उत्साह ओढून नेतात.

वेग किती? शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकटे असाल तर एखादी आरती मोठ्याने म्हणून बघा. ओळीच्या मधेच श्वास तुटला तर तुम्ही जोरात धावताय. हे ऐकायला सोपं आहे आणि पाळायला फार अवघड, कारण रस्त्यावर कुणी ना कुणी पुढे निघून जातंच आणि आपल्याला ते सहन होत नाही. आठवड्यातल्या चार धावांपैकी तीन अशाच हळू व्हायला हव्यात. हृदय, केशवाहिन्या, स्नायूंच्या पेशी या सगळ्यांत लांब पल्ल्यासाठी लागणारे बदल हळू धावण्यातूनच होतात, आणि हाडं-स्नायुबंधांना जुळवून घ्यायला फुप्फुसांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. दम टिकतो म्हणून अंतर वाढवत नेणाऱ्याची नडगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखायला लागते ती याचमुळे.

धावत-चालत ही पद्धतही बिनधास्त वापरा. चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला, पुन्हा धावा. अमेरिकेचे ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकापासून ती रूढ केली. अट एकच: चालायचं ते दमायच्या आधी, पहिल्या किलोमीटरपासून, ठरवून.

एखादा आठवडा आजारपणात किंवा लग्नसराईत गेला तर सुटलेली अंतरं भरून काढायला जाऊ नका. जिथे थांबलात तिथून एक पायरी खाली उतरून पुढे चला.

४. चढ शोधा

पुण्यात असाल तर प्रश्नच नाही. वेताळ टेकडी, तळजाई आहेत, शेवटच्या महिन्यात बोपदेव घाटात एखादा लाँग रन करता येतो. मात्र घाटात वाहनं असतात, त्यामुळे गटानेच जा. मुंबईकरांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, ठाणेकरांनी येऊर, कोल्हापूरकरांनी पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा रस्ता धरावा. नाशिकला पांडवलेणीचा परिसर आहे, नागपूरला सेमिनरी हिल्स, पणजीला आल्तिनो. ज्यांच्या गावात काहीच उंच नाही त्यांनी उड्डाणपूल शोधावा. पहाटे रहदारी नसताना त्याच्या बाजूने दहा-बारा फेऱ्या मारणं कंटाळवाणं आहे, पण काम होतं.

चढावर पावलं लहान ठेवा, हात जरा जास्त हलवा, नजर पायाशी न ठेवता चार-पाच मीटर पुढे ठेवा. कमरेत वाकू नका. घोट्यापासून अख्खं शरीर किंचित पुढे झुकू द्या. घड्याळातला वेग बघायचाच नाही, श्वास बघायचा. सपाटीवर आठ मिनिटांना किलोमीटर धावणारा चढावर दहा-अकरावर आला तर तो बरोबर धावतोय.

५. आणि उतरायला शिका

चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत जाऊन शरीर वर ढकलतात. उतरताना नेमकं उलटं होतं. दर पावलाला शरीराचा भार खाली येतो, तो अडवायला तेच स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. ताणाखाली जोर लावण्याने स्नायूतंतूंना बारीक इजा होते. दम अजिबात लागत नाही, म्हणून ते कळत नाही. एक-दीड तासाने पाय थरथरू लागतात तेव्हा कळतं, आणि दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं.

यात एक चांगली गोष्ट आहे. स्नायूंना अशा कामाची एकदा थोडी सवय लावली की पुढचे काही आठवडे तेच काम त्यांना बरंच कमी बाधतं. म्हणजे उताराचा सराव वारंवार करायची गरज नाही, पण अजिबात न करता साताऱ्याला जाणं म्हणजे स्वतःच्या पायांवर अन्याय आहे.

माझा सल्ला असा. पाचव्या आठवड्यापासून गुरुवारी चढून गेलात की उतरताना चालू नका, धावा. पहिल्या दिवशी फक्त पाचशे-सहाशे मीटर उतार पुरे. दर आठवड्याला थोडा वाढवा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतील, बोलू द्या. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात एकदा-दोनदा सलग तीन-चार किलोमीटर उतार मिळेल असा लाँग रन करा. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र जोरदार उतार पूर्ण बंद, तेव्हा झालेली इजा शर्यतीपर्यंत भरून निघत नाही.

उतरण्याची पद्धत: पावलं लहान आणि भरभर. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, फार पुढे टाकला की टाच आपटते आणि प्रत्येक पाऊल ब्रेक बनतं. गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. मागे रेलू नका. भीती वाटली की माणूस मागेच रेलतो आणि सगळा भार गुडघ्यावर घेतो. हात जरा बाजूला पसरले तरी चालतात, तोल राहतो, दिसायला कसंही दिसो. वेग वाढतोय असं वाटलं की पाऊल आणखी लहान करा.

घरच्या व्यायामाची यात मदत होते. आपल्या जुन्या बैठका उत्तम आहेत, फक्त खाली जाताना तीन आकडे मोजत हळू जा. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकेपर्यंत सावकाश उतरा आणि परत वर या, प्रत्येक पायाने दहा-बारा वेळा. पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करणं पोटऱ्यांसाठी. सूर्यनमस्कार घालत असाल तर ते चालूच ठेवा. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं दिलीत तरी खूप झालं. जिमची फी भरलीच पाहिजे असं नाही.

६. पावसाशी जमवून घ्या

शर्यत पावसाळ्यात असल्यामुळे जून-जुलैत "आज पाऊस आहे" हे कारण बाद. उलट पावसातच धावून बघायला हवं, कारण यवतेश्वरला धुकं आणि भुरभुर असण्याचीच शक्यता जास्त. विजा चमकत असतील तर मात्र घरात थांबा.

ओल्या रस्त्यावर पांढरे-पिवळे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, कुजलेला पाला आणि शेवाळलेल्या कडा यांवरून पाय सटकतो. साचलेल्या पाण्यातून धावू नका. खाली खड्डा असू शकतो, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. धुक्यात आणि पहाटेच्या अंधारात भडक रंगाचे कपडे घाला, गुडूप काळे टी-शर्ट कपाटातच राहू द्या.

भटकी कुत्री हा सर्वांचा प्रश्न. अंगावर आली तर पळू नका. चालायला लागा, नजर रोखू नका, शांतपणे बाजूने निघा. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

बूट भिजले की आतलं तळवं काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. उन्हात किंवा हीटरवर वाळवले तर गोंद सुटतो. परवडत असेल तर पावसाळ्यापुरता दुसरा जोड ठेवा, जुना चालेल.

७. सामान: काय घ्यायचं, काय नाही

बूट सोडले तर इथे फारसा खर्च नाही. बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. तळ ओल्या डांबरावर पकड घेणारा असावा. जोड साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर चालतो. शर्यतीसाठी नवा घ्यायचा असेल तर किमान महिनाभर आधी घ्या आणि त्यात दोन लाँग रन करा. एक्स्पोमध्ये (शर्यतीआधी बिब वाटतात तिथल्या विक्री-प्रदर्शनात) सवलत दिसली म्हणून घेतलेला बूट रविवारी घालायचा नाही, मग सवलत कितीही असो.

मोजे सुती नकोत, भिजले की फोड आणतात. टी-शर्टही सुती नको. बायकांनी नीट मापाची स्पोर्ट्‌स ब्रा घ्यावी आणि तिची शिवण कुठे काचते ते आधीच्या लाँग रनला बघून ठेवावं. जांघा, काखा, ब्राची पट्टी, टाचा: जिथे जिथे घासतं तिथे व्हॅसलिन. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी. हसू येतं, पण ओला टी-शर्ट दोन तास घासल्यावर रक्त येतं आणि आंघोळीला पाणी पडलं की ब्रह्मांड आठवतं.

जीपीएस घड्याळ असेल तर उत्तम, नसेल तर फोनमधलं अ‍ॅप पुरतं. पावसात फोनला प्लास्टिकची झिप पिशवी. कॉम्प्रेशन स्लीव्ह, रंगीत टेप आणि चारशे रुपयांची पट्टी या गोष्टींशिवाय माणसं शंभर वर्षं धावत आली आहेत.

८. खाणं-पिणं

शरीरात साठवलेली साखर साधारण दीड ते दोन तासांच्या धावण्याला पुरते. तुम्ही अडीच-तीन तास रस्त्यावर असणार, म्हणून मधे खावं लागेल. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे प्रमाण धरतात. एका जेलमध्ये (धावताना खायच्या गोड, घट्ट पाकाच्या पुडीत) साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, एका मध्यम केळ्यातही तेवढीच. जेल मानवत नसेल तर खजूर, गुळाचे खडे, राजगिऱ्याची वडी चालते. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण धापा टाकताना दाण्याचा कण घशात अडकतो, तेव्हा जपून. पहिला घास पाऊण तास झाला की घ्या, भूक लागायची वाट बघू नका. आणि जे काही खाणार ते सरावात खाऊन बघितलेलं हवं. पोट कुठल्याही प्रयोगाला शर्यतीच्या दिवशी माफ करत नाही.

पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक स्टॉलवर दोन-दोन ग्लास रिचवणं धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस गोंधळतो, उलट्या होतात, क्वचित जिवावर बेततं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नका.

धावण्याआधी "दुखू नये म्हणून" वेदनाशामक गोळी घेण्याची एक वाईट पद्धत पडली आहे. घामाने पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि दुखापतीची सूचनाही दाबून टाकतात. घेऊ नका.

आदल्या रात्री वरण-भात, पोळी, बटाट्याची भाजी असं साधं जेवण, आठच्या आत. साताऱ्यात आलोय म्हणून तिखटजाळ मिसळ आणि कंदी पेढे हाणायचे असतील तर रविवारी दुपारी.

९. शनिवार: साताऱ्यात

राहायची खोली नोंदणी झाली त्याच आठवड्यात बुक करा. एसटी स्टँड आणि पोवई नाक्याच्या आसपासची लॉजं आधी भरतात. कासच्या फुलांच्या हंगामात पर्यटकही येतात, मग तर विचारू नका. स्वारगेटहून एसटी मिळते, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, पण शनिवारी खंबाटकी घाटात आणि टोलनाक्यांवर गाड्या तुंबतात. सकाळीच निघा. रेल्वेने आलात तर स्टेशन शहराबाहेर माहुलीकडे आहे, तिथून रिक्षा धरावी लागते.

बिब घ्यायला मूळ ओळखपत्र आणि नोंदणीचा मेल किंवा मेसेज लागतो. मित्राला पाठवणार असाल तर तशी परवानगी आहे का आणि पत्र कसं द्यायचं हे आधी वाचून ठेवा, रांगेत वाद घालून उपयोग होत नाही. बिब मिळाला की तिथेच नाव आणि नंबर तपासा. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहा. बिबमागे टायमिंग चिप असेल तर ती दुमडू नका, आणि बिब जॅकेटखाली झाकू नका.

एक्स्पोत तासन्‌तास उभं राहू नका. अजिंक्यताऱ्यावर "जरा जाऊन येऊ" हा मोह दर वर्षी कुणाला तरी होतो. किल्ला कुठे जात नाही, तो सोमवारी बघा, चालवलं तर. खोलीवर या, पायाची नखं कापा, बिबला चार पिना लावा, कपडे एका खुर्चीवर मांडून ठेवा. झोप नीट लागणार नाही, ते साहजिक आहे. शुक्रवारची झोप चांगली झाली असेल तर शनिवारच्या अर्धवट झोपेने काही बिघडत नाही.

१०. रविवार: धावताना

सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी उठा. चहा, केळं किंवा ब्रेड-जॅम, जे सरावात खात होता तेच. मैदानावर शौचालयाच्या रांगा मोठ्या असतात, म्हणून लॉजवरच उरकून निघा. शर्यत सुटेपर्यंत अंगावर जुना शर्ट किंवा कापून केलेली मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, भिजून कुडकुडायला नको.

तुमच्या वेगाच्या गटात, त्यातही मागच्या बाजूला उभे राहा. चिप तुमची वेळ तुम्ही सुरुवातीची चटई ओलांडल्यापासून मोजते, त्यामुळे पुढे घुसून काही मिळत नाही. बंदूक वाजली की ढोल-ताशे, टाळ्या, टाळी द्यायला हात पुढे करून उभी असलेली पोरं, या सगळ्याने अंगात येतं. पहिले तीन किलोमीटर तुम्हाला संथ वाटायला हवेत, इतके की मागच्यांनी ओलांडलेलं बघून लाज वाटावी. ओलांडू द्या. त्यातले बरेच जण घाटात भेटतील.

घाटात गप्पांची कसोटी लावा. वाक्य तुटलं की चाला. ठरवून तीस-चाळीस पावलं चालायचं आणि पुन्हा धावायचं. फोटो काढायचे तर कडेला होऊन काढा, रस्त्याच्या मधे अचानक थांबू नका. परतणारे पुढचे धावपटू समोरून वेगाने येत असतात, आपली बाजू सोडू नका.

वळसा झाला, पेय घेतलं, खाल्लं, आणि आता उतार. इथे पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून धरा. चढताना गेलेली मिनिटं इथे वसूल करायचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात येतो, आणि दर किलोमीटरमागे अर्धं मिनिट वाचवलेलं पुढे शहरात पाच-पाच मिनिटांनी फेडावं लागतं. लहान पावलं, सैल खांदे, पांढरे पट्टे टाळत या. घाट संपला तेव्हा "अजून जोर आहे" असं वाटलं तर तुम्ही बरोबर उतरलात. तो जोर आता वापरा.

पोटरीत गोळा आला तर थांबून हळू ताण द्या, चाला, दोन घोट ओआरएस घ्या. छातीत दुखणं, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

११. संपल्यावर

मेडल गळ्यात पडलं की बसकण मारू नका, दहा मिनिटं चालत राहा. मग लगेच कोरडे कपडे. पावसात भिजलेलं अंग थांबलं की झपाट्याने गार पडतं आणि दातखीळ बसायची वेळ येते, म्हणून कोरड्या कपड्यांची पिशवी सामान ठेवायच्या काउंटरवर आधीच देऊन ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटभर खा. गाडी स्वतः चालवत लगेच पुण्याला निघू नका. क्लच दाबताना पायात गोळा आला तर काय होईल याची कल्पना करा. दुसऱ्या कुणाला चालवू द्या किंवा एसटीने या.

सोमवारी आणि विशेषतः मंगळवारी जिना उतरताना त्रास होईल. कठड्याला धरून उलटं उतरणं सोपं जातं. हलकं चालणं, भरपूर झोप. आठवडाभर धावू नका, पुढच्या आठवड्यात दोन-तीन हलक्या धावा. दुखणं दोन्ही पायांत सारखं आणि स्नायूंत असेल तर ते ओसरतं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं, चालताना वाढणारं दुखत असेल, गुडघा सुजला असेल किंवा लघवीचा रंग चहासारखा गडद झाला असेल, तर डॉक्टर गाठा. शेवटच्या गोष्टीत तर त्याच दिवशी.

निकाल ऑनलाइन लागला की टायमिंग सर्टिफिकेटची पीडीएफ उतरवून स्वतःला मेल करून ठेवा. संकेतस्थळावरचे जुने निकाल कायम राहतीलच असं नाही, आणि मुंबईसारख्या मोठ्या शर्यतीत नाव घालताना आधीच्या शर्यतीची नोंदलेली वेळ विचारली जाते. सर्टिफिकेटवर नावाची चूक असेल तर आयोजकांना बिब नंबरसकट लगेच कळवा.